कानवाल्या भाऊंचा कान

जुनी हार्ड डिस्क सुरू होते तेव्हा आधी एक खोल श्वास ऐकू येतो. मग तो चढत जातो, भरत आलेल्या घागरीतल्या पाण्याचा स्वर चढावा तसा. आणि वर पोचल्यावर आतून कुणी दोन बोटांनी दार वाजवावे तसे हलके दोन ठोके. नाचणगावच्या आमच्या घराची मागची खोली या आवाजाने भरलेली असे. तापलेली धूळ, तारा जोडायच्या डाखाच्या राळेचा कडवट वास आणि हा श्वास. माझा थोरला भाऊ मनोहर गेला त्याला आता सहा आठवडे झाले. खोलीत वास अजून आहे, श्वास नाही.

बातमी मलाच कळवावी लागली. जुन्या संगणकांच्या हौशी लोकांचे एक मराठी चर्चापीठ आहे. भाऊ त्याचा सुरुवातीपासूनचा सभासद. आता साऱ्यांचे केस पिकले आहेत, पण रोज कुणीतरी आपला पहिला संगणक आठवतो, फ्लॉपीची खरड, प्रिंटरची किंचाळी, दिवसभर तापून पिवळा पडलेला पडदा... आणि थट्टा सुरू होते. “तुमच्या त्या यंत्रापेक्षा माही म्हैस लवकर उठते,” असे तळेगावचे बाबाराव एकदा कुणाला म्हणाले होते. मी भाऊच्याच खात्यातून आत शिरले. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला, आणि मी पहिले अक्षर लिहिण्याआधीच बाबारावांची ओळ आली : “आले का कानवाले भाऊ! लय दिवस रुसून बसलते. या, या.” त्या ओळीखाली मला त्याचे जाणे लिहावे लागले.

त्यानंतर आठवणींचा जो ओघ सुरू झाला तो अजून थांबलेला नाही, आणि त्यातली प्रत्येक आठवण भाऊच्या कानाची आहे. बिघडलेल्या डिस्कचा आवाज फोनवर टिपून पाठवावा, आणि कानवाल्या भाऊंनी तो ऐकून दुखणे सांगावे. असा कान पुन्हा होणे नाही, असे सारे लिहितात. मी वाचते, आणि पडदा बंद करते. कारण शेवटची नऊ वर्षे भाऊला ऐकू येत नव्हते.

आधी बारीक आवाज गेले, मग जाडे. कानातल्या यंत्राने माणसांचे बोलणे जेमतेम पोचे. डिस्कची कुजबुज नाही. मी तेव्हा महाविद्यालयातून निवृत्त होऊन घरी आले होते. आयुष्यभर मुलींना कविता शिकवली, थोड्या लिहिल्या. एका दुपारी त्याने फोन माझ्या हाती दिला आणि म्हणाला, “नलू, ऐक अन् लिही. काय म्हणून राह्यली ते?” मी वहीत लिहिले, त्याने वाचले आणि दुखणे ओळखले. पुढे आमची एक भाषाच तयार झाली. पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखी थांबून थांबून ठणठण म्हणजे वीज कमी पडते आहे. बंद डब्यातल्या भुंग्यासारखी घरघर म्हणजे तबकडी जागेवर चिकटली आहे. “तुह्या कवितेचा पयल्यांदा कोणाले उपयोग होऊन राह्यला,” असे तो हसून म्हणे. मी एकदा सुचवले, की मंडळींना खरे सांगून टाक. त्याचा चेहरा उतरला. “काऊन सांगू? बहिऱ्याले कानवाले भाऊ म्हणतीन काय? हासतीन, नाई तं कीव करतीन. दोन्ही नको मले.”

गेल्या एप्रिलमध्ये हिंगणघाटच्या शालिकराव मून यांनी एक आवाज पाठवला. ते निवृत्त शिक्षक. त्यांचे वडील गावच्या भजनमंडळात गात. जाण्याच्या आदल्या वर्षी शालिकरावांनी त्यांना संगणकासमोर बसवून त्यांचे गाणे टिपून घेतले होते. मधूनमधून त्यांचा खोकला, हसणे, सुनेला हाक मारणे, सारे त्यात होते. दुसरी प्रत नव्हती. ती डिस्क आता विचित्र आवाज करू लागली होती. “भाऊ, माहा बाप हाय आत,” एवढेच त्यांनी लिहिले होते.

नीट ऐकू यावे म्हणून मी पंखा बंद केला. घाम मानेवरून वहीवर टपकत होता. तो आवाज मी तीनदा ऐकला. वर एक बारीक, सलग सूर होता. आणि त्या सुराच्या तळाशी काहीतरी खरवडत होते. मी लिहिले : ‘पाटीवर नख ओढावे तशी खरखर.’ मग मला तो शब्द आवडेना. तो याच वहीत दोनदा येऊन गेला होता, शिळा वाटला. मी तो खोडला आणि लिहिले : ‘उन्हे उतरल्यावर शिवारात सुरू होते तशी रातकिड्यांची किर्रकिर्र.’ ती ओळ मला सुंदर वाटली. हे मी आज लपवणार नाही. ती लिहून मला आनंद झाला होता.

भाऊने वाचले. किर्रकिर्र म्हणजे फिरणारा दांडा झिजला. अशी डिस्क एकदा बंद केली, तर पुन्हा उठत नाही. त्याने कळवले : चालू ठेवा, हळूहळू सारे उतरवून घ्या. मी खरखर लिहिले असते, तर त्याने नेमके उलटे सांगितले असते. खरखर म्हणजे आतले वाचणारे टोक तबकडीला घासते आहे. त्या क्षणी बंद करा... शालिकरावांनी ती दुपारभर चालू ठेवली. चार दिवसांनी, नागपूरला उघडून पाहिलेल्या डिस्कचे छायाचित्र त्यांनी पाठवले. चकचकीत तबकडीवर एक गोल चर होता आणि कडेला काजळासारखी पूड. म्हाताऱ्याच्या गाण्याची ती पूड होती.

भाऊ ते छायाचित्र पाहत राहिला. मग वळून मला विचारले, “नलू, किर्रकिर्रच होती नं?”

मी मान हलवली. होकाराची.

“मंग माहीच समज चुकली,” तो म्हणाला, आणि चर्चापीठावर लिहिले : ‘माझा कान चुकला. यापुढे मला कोणी विचारू नये.’ शालिकरावांचे उत्तर तासाभरात आले : “तुमचा कान नाई चुकत, भाऊ. माह्या बापाचीच दुसऱ्यांदा जायची येळ झालती.” रागाचा एखादा शब्द असता तर बरे झाले असते. भाऊने सगळ्या यंत्रांवर चादर ओढली. जेवायला बोलावले की येई, जेवून ओट्यावर बसे. मी रोज त्याच्यासमोर ताट ठेवत होते. त्या शंभर-सव्वाशे दिवसांत एकदाही मला खरे बोलता आले नाही. बोलायचेही नव्हते, नुसते वहीचे पान त्याच्यापुढे धरायचे होते. खोडलेला शब्द अजून स्पष्ट वाचता येतो.

चर्चापीठावरचे सारे लोक हे वाचतील. शालिकरावही वाचतील. त्यांनी मला क्षमा करावी असे मी मागत नाही, क्षमेने ती पूड पुन्हा गाणे होणार नाही. भाऊच्या कानाची आठवण निघेल तेव्हा एवढेच ध्यानात असू द्यावे, की चुकलेला कान त्याचा नव्हता. आणि खरे पाहता माझाही कान चुकला नव्हता, त्याने बरोबर ऐकले होते; शब्द मी बदलला.

भाऊला मी खरे सांगितले, पण फार उशिरा. हृदयाचे दुखणे उलटले, म्हणून त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवले होते. ज्या दुपारी तो गेला, त्याच दिवसाची ती सकाळ. कानातले यंत्र काढून परिचारिकेने माझ्या हाती दिले होते, चष्माही. लिहून दाखवण्याची सोय उरली नव्हती. मी खाली वाकले. त्याच्या कानाच्या पाळीला स्पिरिटचा गार वास येत होता. तिथे तोंड नेऊन, शेजारच्या खाटांची पर्वा न करता, जेवढ्या मोठ्याने मला बोलता येते तेवढ्या मोठ्याने मी म्हणाले, “भाऊ, खरखर होती ती. मीच खोडलं. तुझं नाही चुकलं.” ते वाक्य उच्चारण्याचे बळ माझ्यात एकदाच होते. त्याने सावकाश मान वळवली, माझ्या ओठांकडे पाहिले, आणि मला विचारले,

“काय?”