पैलाड आसिमनं बांधलं

आसिमबद्दल लिहायला बसलो तेव्हा कळलं, की मला तो फारसा माहीतच नाही. इतकी वर्षं त्याच्या बापाच्या दुकानामागे राहतो, पण त्यांच्या घरात ओसरीच्या पुढे कधी गेलो नाही. तो शाळेत कसा होता, लग्न त्याच्या मनानं झालं की घरच्यांच्या, त्याला कशाची धास्ती वाटे, यातलं मी काही सांगू शकणार नाही. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. लोकांना काही विचारताना मला संकोच होतो. त्यांनी मला विचारलं तर आणखी होतो. लिहायचीही सवय नाही. बाजार समितीत कारकुनी केली, तिथे जे लिहिलं ते सगळं कापसाबद्दल. तरी हे लिहितो आहे, कारण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे आणि ती दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही. पैलाड आसिमनं बांधलं.

वणीहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आसिमच्या वडिलांचं, बशीरभाईंचं, बॅटरीचं दुकान आहे. कोळशाच्या ट्रकांच्या बॅटऱ्या तिथे चार्जिंगला येतात. दारापुढची माती, टपऱ्यांचे पत्रे, कडुनिंबाची पानं, सगळ्यावर काळा थर. आसिम दिवसभर दुकानात असे. तेजाबानं त्याच्या बोटांची कातडी गेलेली आणि प्रत्येक शर्टाला बारीक भोकं पडलेली. वय पस्तिशीच्या पुढे. लग्न झालेलं, बायको गुलनार शिवणकाम करते. बाहेरच्या माणसाला त्याच्याबद्दल एवढंच सांगता आलं असतं.

एका शुक्रवारी दुपारी तो माझ्याकडे आला. शुक्रवारी दुकान बंद असतं.

"काकाजी, तुमची मागची खोली मले दुपारच्याले देता काय? तिथं ट्रकचे हॉर्न आयकू येत नाहीत."

"कशाला?"

"आवाज भरायचे आहेत. खेळासाठी."

मला काही कळलं नाही. मग त्यानं समजावून सांगितलं, आणि मला समजलं तेवढं असं. कॉम्प्युटरवरचा एक जुना खेळ आहे. तो निघाला तेव्हा आसिम शाळेत होता. त्यात मारामारी आहे, पण नुसती मारामारी नाही. आपण एक माणूस व्हायचं, गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, त्यांची कामं अंगावर घ्यायची, आणि आपण जसे वागू तशी पुढची गोष्ट बदलते. ज्या कंपनीनं तो काढला तिनं त्याच्याकडे केव्हाच पाठ फिरवली. पण जगभरचे शौकीन लोक त्याला अजून नवी गावं, नवी माणसं जोडत असतात. फुकट. कोणी सांगितलेलं नसताना. त्या खेळाच्या नकाशात उत्तरेला एक नदी आहे आणि तिच्या पलीकडे काही नाही, कोरं. आसिम शाळेत असल्यापासून त्या नदीच्या काठावर जाऊन उभा राहायचा म्हणे.

"पलीकडं काय असन, हे कोनीच बनवलं नाही," तो म्हणाला. "मी बनवून राह्यलो. अख्खा मुलूख. बारा गावं, एक शहर, खदानी, बाजार. नाव ठेवलं पैलाड."

मी खोली दिली. गोधड्या, सतरंज्या खिळ्यांना टांगून त्यानं भिंती झाकल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. मधोमध एक माइक.

आवाज द्यायला तो रस्त्यावरचीच माणसं धरून आणी. भाजीवाली रामीबाई त्यात राणी झाली. ट्रक चालवणारा लालसिंग डाकू. मला त्यानं नावाडी केलं.

लालसिंगला ते पटलं नाही. "काकाजीले बोलाचं काम? अरे, यायचा आवाज मच्छरालेही आयकू येत नाही!"

"म्हनूनच पाह्यजे," आसिम म्हणाला. "नावाडी हळू बोलते. माणसाले नावेत जवळ यावं लागते."

"अन मी डाकूच काहून? थोबाड पाहून देल्लं काय?"

"थोबाड तं दिसतच नाही खेळात. आवाज आयकून देल्लं."

"मंग तं आणखीनच झालं!" लालसिंग म्हणाला आणि रामीबाई हसून हसून खाली बसली. ते हसणंही आसिमनं भरून घेतलं. राणीला वापरलं.

माझं पहिलं वाक्य होतं, "कोणत्या गावचा होय बाप्पा तू?" मी विचारलं, सगळ्या जगातले लोक खेळणार, त्यांना आपली बोली कशी कळेल?

"खाली इंग्रजीत लिहून येते, काकाजी. पण तोंडातून आपलंच निघालं पाह्यजे. मी आजपर्यंत जेवढे खेळ खेळलो, त्यात आपल्यासारखं कोनी बोललंच नाही. चोरसुद्धा नाही."

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हटलं. तो म्हणायचा, अजून एक डाव. मला तेव्हा किती बरं वाटत होतं हे लिहायची लाज वाटते. उभ्या आयुष्यात माझं बोलणं कोणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

बशीरभाईंना मात्र हे सारं खूळ वाटे. "घराची गच्ची गळून राह्यली, अन आमचा बांदर किल्ले बांधून राह्यला," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आसिम ऐकून घेई. म्हणे, "निघू द्या एकदा. लोकांयनं पाह्यलं की बाबा गप होतीन. खाली नाव येईन ना माह्यं." त्याला पैसे नको होते, या कामात मिळतही नाहीत. त्याला एवढंच हवं होतं, की पैलाड लोकांपुढे यावं आणि खाली लिहिलेलं असावं: बनवणारा, आसिम, वणी.

दोन-अडीच वर्षं हे चाललं. मग परदेशातल्या एका गटाचा निरोप आला. त्याच खेळावर काम करणारा, पुष्कळ माणसांचा, नावाजलेला गट. असे शौकीन ज्या साइटवर आपलं काम मांडतात, तिथे आसिमनं टाकलेली चित्रं त्यांनी पाहिली होती. नदीवरचा दगडी घाट त्यांना फार आवडला. तो आमच्या कामात वापरू का, असं त्यांनी विचारलं.

इथे आसिमच्या आईबद्दल सांगायला हवं. त्या घरातून अर्धी वस्तू कधी बाहेर जात नाही. एकदा तापात माझ्या तोंडाची चव गेली होती, म्हणून मी आसिमला लोणच्याची एक फोड मागितली. त्याच्या आईनं बरणी पाठवली. घरात दुसरी बरणी नव्हती, हे मला मागून कळलं. "माँगनेवाले को आधा दिया तो उसको फकीर बनाया," असं तिचं म्हणणं. आणि दिलेल्या वस्तूचं पुन्हा नावही काढायचं नाही. आसिम त्या घरात वाढलेला.

निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो उड्या मारतच आला.

"काय मागितलं त्यांनी?"

"घाट."

"मग दिलास?"

"नुसता घाट काय देऊ, काकाजी! घाटाले नदी नाही लागन काय? नदी देल्ली तं काठचं गाव नको? सगळंच पाठवून देल्लं. आवाजही देल्ले. एवढे मोठे लोक आपल्या दारात आले, त्यायले काय म्हनू, एवढंच घ्या?"

सोबत लिहिलेली चिठ्ठी त्यानं मला वाचून दाखवली. इंग्रजीत होती. मराठीत अशी होईल: माझं जे आहे ते सगळं तुमचंच आहे, आपलं समजून घ्या, मला काही नको. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आपल्याकडे असंच बोलतात. पाहुणा म्हणतो, घर छान आहे. आपण म्हणतो, तुमचंच आहे. पाहुणा काही घर उचलून नेत नाही. आसिमच्या मनात होतं, की आता हे लोक आपले झाले, मिळून काम करतील, एकट्याला न उचलवणारं ओझं दहा जण उचलतील.

त्यांचं उत्तर आलं, फार गोड. मग काही आलं नाही. आसिम आपला पहिला भाग पुरा करण्यात गुंतला होता. चार गावं, एक खदान, नदी आणि नावाडी.

थंडी सरता सरता त्या गटाचं काम जगापुढे आलं. आसिम भर दुपारी दुकान टाकून माझ्याकडे आला आणि लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. नदी होती. घाट होता. घाटाच्या पायऱ्यांवर कोळशाचा काळा थर होता, तो त्यानं आमच्या दारापुढचा पाहून चढवला होता. मुलखाचं नाव दुसरं होतं. नावेतला म्हातारा पुढे वाकला आणि माझ्या आवाजात म्हणाला, "कोणत्या गावचा होय बाप्पा तू?"

शेवटी नावं सरकायला लागली. लांबलचक यादी. आसिमचं नाव कुठे नव्हतं.

"लोकं काय लिहून राह्यले वाचू?" तो म्हणाला, आणि वाचलं. खेळणाऱ्यांना नदीपलीकडचा मुलूख सर्वांत आवडला होता. तिथली माणसं गटानं भुतं म्हणून दाखवली होती, आणि त्या भुतांसाठी गटानं जी भाषा नव्यानं रचली, तिचं विशेष कौतुक होतं. इतकी खरी वाटते म्हणे, की जणू कुठे कोणी बोलतच असेल.

लालसिंगला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग म्हणाला, "म्हंजे मी भूत झालो काय रे?" आणि मग त्यानं त्या सगळ्यांना जी शिवी दिली ती मी लिहिणार नाही.

आसिमचा तरीही धीर सुटला नव्हता. माझा भाग टाकतो, लोक पाहतील, त्यांना कळेल, असं त्याचं म्हणणं. त्यानं तो साइटवर चढवला. दुसऱ्या दिवशी उतरवला गेला. कारण दिलं होतं, दुसऱ्यांच्या कामाची नक्कल. खाली चोर म्हणून त्याला शिव्या घालणारे बरेच होते.

त्यानं साइटच्या चालकांकडे तक्रार केली. त्यांनी गटाला विचारलं, आणि गटानं आसिमचीच चिठ्ठी पुढे केली. माझं जे आहे ते सगळं तुमचंच आहे, मला काही नको. चालक वाईट नव्हते. त्यांनी आसिमला कळवलं, की परवानगी फक्त घाटापुरती होती, बाकी चुकून गेलं, असं आठ दिवसांत लिहून दे, मग बघता येईल.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या ओसरीवर बराच वेळ बसलो. बशीरभाईंनीही काम थांबवलं होतं.

"लिहून टाक ना," ते म्हणाले. "चुकून गेलं म्हनून. कायले विचार करून राह्यला?"

"चुकून नाही गेलं, बाबा. मी पाठवलं."

"मंग झूठ लिह्य! ते कोनते हरिश्चंद्र लागून गेले?" हे बशीरभाई बोलत होते, ज्यांनी इतकी वर्षं त्या कामाची टिंगल केली होती.

आई दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "तूने दिया था?"

"हाँ, अम्मी."

"अपने हाथ से?"

"हाँ."

ती आत निघून गेली. तिनं लिहू नको म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो कदाचित भांडला असता.

मी धीर करून बोललो. म्हटलं, "मी सांगतो त्यांना. नावाड्याचा आवाज माझा आहे. आपल्या घरात भरला."

आसिमनं माझ्याकडे पाहिलं. "तुमचा आवाज तुमचा होय, हे कोन सांगन, काकाजी? तुमीच ना?"

माझ्याशी तो असा कधी बोलला नव्हता. त्यानं काही लिहून दिलं नाही. मुदत निघून गेली आणि निकाल गटाच्या बाजूनं लागला. इथल्या लोकांना काही वाटलंच असेल तर एवढंच, की खेळाचं खूळ सोडून बशीरचा पोरगा शेवटी ताळ्यावर आला. मला त्या परदेशी गटाचा राग येतो. त्याच्या आईचाही येतो, आणि ती बरणी अजून माझ्या घरात आहे म्हणून तो राग धड धरताही येत नाही.

पुढे त्यानं दुकानही सोडलं. छत्तीसगडकडे कुठल्याशा कोळशाच्या डेपोत वजनकाट्यावर लागला. ट्रक चढतो, आकडा येतो, तो कॉम्प्युटरमध्ये भरायचा. गुलनारही गेली. ईदला दोघं येतात, असं बशीरभाई सांगतात. मागच्या बाजूला, माझ्याकडे, तो येत नाही. पैलाडची बाकीची आठ गावं त्यानं ठेवली की पुसून टाकली, मला ठाऊक नाही.

गेला त्या सकाळी मी फाटकात उभा होतो. बॅगा रिक्षात चढल्या होत्या. काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं आणि नेहमीसारखं सुचत नव्हतं. तोच थांबला.

"इन्व्हर्टरच्या बॅटरीत पानी पाहत जाजा, काकाजी. उन्हाळ्यात लवकर आटते."

"हो," मी म्हटलं.

"नळाचं नका टाकू."

"नाही टाकत."