हवालदारांचं मशीन आणि सखूमावशीचे देव

मी तसा कमी बोलणारा माणूस. पण चार जण चहाला बसले की कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, त्या बंगल्याचं सांगा की!" पाडकामात लोखंडाचे ढीग लागतात, तसेच किश्श्यांचेही लागतात. लोखंड विकलं गेलं. किस्से राहिले.

आणे जाऊन नवे पैसे नुकतेच आले होते तेव्हाची गोष्ट. औंढ्याच्या वरच्या अंगाला एका साहेबाचा बंगला कित्येक वर्षं ओस पडला होता. तो पाडून सामान काढायचं काम आमच्या टोळीला मिळालं. सोबत हवालदार होते. मिलिटरीतून रिटायर झालेले. सुरुंग शोधायचं एक जुनं मशीन त्यांनी भंगारातून आणलं होतं. लांब दांडा, खाली तवा, कानाला हेडफोन. जमिनीत धातू असला की मशीन कुईं करायचं.

* * *

पहिल्या दिवशी मशीन थांबेचना. जिथं जावं तिथं कुईं! आम्ही कमरेएवढा खड्डा खणला. हाती काही नाही, आणि मशीन ओरडतंच आहे.

बंगल्याच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. ती हसून म्हणाली, "आरं, सोताच्या वहाणा बघा की!"

आमच्या वहाणांना खाली लोखंडी खिळे, टाचेला नाल. मशीन आमच्याच पायांना ओरडत होतं!

दुसऱ्या दिवसापासून सगळी टोळी अनवाणी. टोळीतला धोंडिबा म्हणाला, "देवळात आल्यावानी वाटतंय!"

* * *

ती म्हातारी म्हणजे सखूमावशी. तिचा नवरा बंगल्याचा माळी होता. बंगला बंद झाला तेव्हा चोरांच्या भीतीनं त्यानं घरातले देवाचे चांदीचे टाक आवारात कुठंतरी पुरले आणि तो मुंबईला कामाला गेला. तिथंच वारला. जागा सांगायची राहून गेली.

आता वैशाखात तिच्या मुलाचं लग्न होतं. देवाशिवाय हळद कशी लावायची?

"मावशी, सोनाराकडून नवे करून घ्या," मी म्हणालो.

"नवे मिळत्याल रं भाऊ. पन ह्या देवांनी माझं लगीन बघितलंय."

आम्ही ठरवलं, काम संपायच्या आत देव शोधायचे.

* * *

पण हवालदारांची मिलिटरीची सवय! मशीन वाजलं की ओरडायचे, "सगळे मागं! झोपा!" आम्ही पालथे. मग ते सळईनं माती हळूहळू टोचायचे. एकदा अर्धा तास टोचून निघाला जॅमचा डबा.

धोंडिबा पडल्या पडल्या म्हणाला, "हवालदार, उठू का?"

"आज जॅम निघाला. उद्याचं कोण सांगतं?"

* * *

आंघोळीचा एक मोठा टब निघाला. धोंडिबानं तो म्हशीला पाणी पाजायला घरी नेला. आठवड्यानं विचारलं, "म्हैस पिती का पाणी?"

"कसली पिती! बायको टबातनं उठंना. म्हैस नदीवर जाती!"

* * *

काम संपलं. टाक काही सापडले नाहीत. किटली, पातेलं, पहारी सगळं ट्रकमध्ये चढलं. मावशी पायरीवर बसली होती.

"भाऊ, सोनाराला सांगावंच लागंल आता," एवढंच म्हणाली.

हवालदार हेडफोन कानाला लावूनच ट्रककडे निघाले. आम्ही रोज चहा करायचो त्या तीन दगडांच्या चुलीवरून जाताना मशीन म्हणालं, कुईं!

तिथं ते रोजच ओरडायचं. महिनाभर आम्ही म्हणायचो, किटलीमुळे ओरडतंय. पण आता किटली तर ट्रकमध्ये!

"सगळे मागं!" हवालदार ओरडले.

आम्ही सवयीनं पालथे पडलो. मावशी मात्र धावत पुढं. "व्हा बाजूला! माजा देव हाय त्यो, फुटायचा न्हाई!"

तीन दगड हलवले, राख सारली. हातभर खाली पितळेचा डबा. मावशीनं पदरानं पुसून उघडला. काळवंडलेले पाच टाक!

धोंडिबाचं तोंड उतरलं. "मावशी, आमी म्हैनाभर देवाच्या डोक्यावर चहा केला की गं!"

मावशीनं डबा तोंडाजवळ धरला आणि देवांनाच म्हणाली, "ऐकलं का? इतकी वर्सं मातीत व्हता. पन शेवटचा म्हैना ह्या पोरांनी तुमास्नी गार पडू दिलं न्हाई!"