अव्वाचे अडीच दिवस

तुमचं पत्र मिळालं. आपल्या लिंगायत धर्मात बाई आणि पुरुष शेकडो वर्षांपासून समान आहेत असं तुम्ही पुस्तकात वाचलंत, आणि शाळेच्या निबंधासाठी आजीचा एक अनुभव तुम्हाला हवा आहे. लिहिते. वर्गात वाचून दाखवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

पुस्तकात चूक नाही. आमच्यात मूल जन्मलं की ते मुलगा आहे की मुलगी हे न पाहता त्याला इष्टलिंग मिळतं, आणि ते जन्मभर गळ्यात राहतं. लिंग ठेवून गळ्यात घालायची माझी आणि माझ्या दादाची चांदीची डबी एकाच सोनाराने घडवलेली होती. सकाळी आम्ही एकाच सतरंजीवर बसून, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचो. पूजेआधी दोघांनाही घास मिळत नसे. शेजारच्या बायका महिन्याचे चार दिवस बाहेर बसत. आमची अव्वा त्या दिवसांतही चुलीपुढे असे. आजोळ निलंग्याच्या पलीकडे, कानडी मुलखाला लागून, म्हणून आम्ही आईला अव्वा म्हणायचो.

अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लातूरला धान्याची आडत होती. काळ निजामाचा. सरकारचे हुकूम निमूट मानायचे दिवस आता संपले, असं अप्पा बैठकीत दार लावून बोलत. पाहुणा आला की दुसरा आवडता विषय निघे. "आमच्यात बाई कमी न्हाई. देवानंच बरोबरीचा हक दिलाय." हे चालू असताना अव्वा आतून चहा पाठवत असे.

आम्हा भावंडांना इंग्रजी शिकवायला एक मास्तर घरी येत. दादा मॅट्रिकसाठी हैदराबादच्या बोर्डिंगात गेल्यावर मी एकटीच शिकत राहिले. मी चौदा वर्षांची झाले तेव्हा मास्तर अप्पांना म्हणाले, "हिला मुलींच्या बोर्डिंगात पाठवा. मुलापेक्षा ही पुढं जाईल." अप्पांना ते आवडलं की बोचलं, मला आजवर कळलं नाही. "स्वामीजींना विचारू," एवढंच ते म्हणाले.

वैशाखात मठाचे स्वामीजी पाद्यपूजेला आमच्या घरी आले. बैठक भरली होती. अप्पांनी विषय काढला.

"पोरीला हैदराबादला धाडा म्हणतोय मास्तर. आपली आज्ञा काय?"

"लग्नाचं बघा आता," स्वामीजी म्हणाले. "बोर्डिंगात पूजाअर्चा कोण बघणार हिची?"

मी दाराशी उभी होते. "दादाची कोण बघतं?" मी विचारलं.

लोक हसले. स्वामीजीही हसले. "वकीलच हाय की तुमची पोरगी! बाळ, देवापुढं दोघं सारखेच. पण घर चालायचं तर कुणीतरी ऐकावं लागतं."

"कुणी ऐकायचं, ते लिंग देतानाच सांगायचं व्हतं," मी म्हणाले. डबी गळ्यातून काढली आणि त्यांच्यापुढच्या ताटात ठेवली. "बघा उघडून. माझ्यातलं येगळं हाय का?"

कोणी हसलं नाही. स्वामीजी न जेवता उठले.

नियम असा आहे की लिंग अंगापासून दुरावलं तर ते परत मिळेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही. आदल्या उन्हाळ्यात दादा मुरुडला आत्याच्या विहिरीत पोहताना गळ्यातलं लिंग हरवून बसला होता. जंगम, म्हणजे आमचे पुरोहित, धावत आले, नवं लिंग बांधलं, आणि दुपारच्या पंगतीला दादा आमरस खात होता. तेव्हा नियमाची आठवण कोणाला झाली नाही.

माझ्या वेळी अप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. नियम मला लागू होता, पण ते अव्वाकडे वळले. "तुझी लेक हात जोडून डबी गळ्यात घालील, लग्नाला हो म्हणंल, तवर तुझ्या तोंडात पाण्याचा थेंब जायचा न्हाई."

"बरं," अव्वा म्हणाली.

वैशाखातलं लातूर तुम्ही पाहिलेलं नाही. दुपारी भिंतीला हात लावला तर भाजे. अव्वा चुलीपुढे बसून सगळ्यांच्या भाकरी थापत होती. मला ती स्वतः वाढे. "खा," म्हणे. मी ताट सारलं तर पुन्हा पुढे ढकले. तिचे ओठ फुटलेले असायचे आणि तिने वाढलेलं मी गिळायचे. मला वाटलं, ही मला शिक्षा करते आहे.

दुसऱ्या दिवशी आत्या येऊन मला म्हणाली, "आईचा जीव घेऊन शिकणार व्हय गं मडमीण?" अव्वा तिला म्हणाली, "तुमी नका मधी पडू, वन्सं." मी त्याचाही अर्थ चुकीचा लावला.

तिसऱ्या दिवशी दुपारी माठ भरताना अव्वाचा तोल गेला आणि तिने भिंत धरली. मी बैठकीत गेले, ताटात तशीच पडलेली डबी गळ्यात घातली आणि अप्पांपुढे हात जोडून म्हणाले, "माझं चुकलं. तुम्ही म्हणाल तिथं लग्न करते."

अप्पांनी आत हाक दिली, "पी गं पाणी."

अव्वाने तांब्या उचलला. पिण्याआधी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी तिचा जीव वाचवला म्हणून ती तसं पाहते आहे, असं मी धरून चालले.

त्याच वर्षी लग्न होऊन मी नांदेडला आले. तुमचे आजोबा वकील. त्यांच्या मित्रांच्या बायका हैदराबादला शिकलेल्या, इंग्रजीत बोलणाऱ्या. एका संध्याकाळी तशाच एका चहापानाहून परत आल्यावर ते म्हणाले, "पुढच्या साली मॅट्रिकला बसायचं. मग बीए." मला विचारलं नाही. मी बरं म्हणाले, अगदी अव्वासारखं. ज्या शिक्षणासाठी डबी ताटात ठेवली होती, ते मला असं मिळालं. अप्पा मात्र पाहुण्यांना सांगत, "आमच्यात बाई कमी न्हाई. माझी लेक बीए हाय."

अव्वा शेवटच्या आजारात माझ्याकडे होती. एकदा मी विचारलं, "अव्वा, माठ तुझ्या ताब्यात होता. दोन घोट चोरून का नाही प्यायलीस? कोण बघत होतं?"

"चोरून पिऊन काय करू? मग ते डरले नसते."

"कोण?"

"तुझे अप्पा. दुसऱ्या दिशीच निम्मे डरले व्हते. दर घडीला दाराशी येऊन बघून जायचे. आणखी एक दिवस, म्हंजे मास्तराला सोता बोलावलं असतं. मला मरू देणार व्हते का? भाकरी कुणी थापल्या असत्या?" ती हसली आणि मग खोकत राहिली. "म्हणून तर तुला खाऊ घालत व्हते. तू दमू नये म्हणून."

मी तिची पाठ चोळत राहिले.

"मी न्हवते दमले," ती म्हणाली. "तू हात जोडलेस."

माझ्याजवळ सांगण्यासारखा अनुभव एवढाच. निबंधात आजी बंडखोर होती असं लिहू नका.