तोरणामागचा कोपरा

“अजून थोडं डावीकडे. तो रंगीत कोपरा दिसता कामा नये.”

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष खाली उभे राहून सांगत होते. मी शिडीवर. हातात झेंडूचं तोरण. फुलं पुकेकोहेच्या मळ्यातून मीच आणलेली. शिडी अनाहेराने धरली होती. मंडळात तिची ओळख एवढीच, माझी फ्लॅटमेट. चार वर्षं आम्ही रोटोटुनाच्या एका घरात, एका बिछान्यात झोपत होतो, आणि दर पाडव्याला ती फ्लॅटमेट म्हणून मंडळाचे बटाटे सोलायला यायची. महिन्यापूर्वी तिने मला लग्नाचं विचारलं होतं. मी उत्तर दिलं नव्हतं.

बॅनर माझ्या कंपनीचा. पाडव्याच्या हॉलचं भाडं कंपनी द्यायची, कारण मी तिथे इंजिनिअर होते आणि दरवर्षी साहेबांच्या मागे लागायचे. त्या वर्षी दोन बायकांना, दोन पुरुषांना लग्न करू देणारा कायदा इथल्या संसदेत होता. कंपनीने पाठिंबा जाहीर केला आणि बॅनरच्या कोपऱ्यात इंद्रधनुष्य छापलं. मंडळाला स्पॉन्सर हवा होता, रंग नको होते. मग तोरणाचा तोडगा निघाला. बांधायला मी, कारण मी उंच आहे आणि कुणाला नाही म्हणत नाही.

बांधलं मी. कुणी शिडीवर ढकललं नव्हतं. त्याची लाज मला आजही वाटते.

खाली उतरले तर अध्यक्षांनी कागद आणि पेन पुढे केलं. खासदारांना पत्र. आमचा समाज या कायद्याच्या विरोधात आहे. खाली सह्या. ज्यांच्या बाळंतपणात मी डबे पोचवले, त्यांच्याही.

“तुझीही सही हवी. तुमच्या लोकांचंही एखादं नाव दिसलं पाहिजे. आपल्यात हे चालत नाही, हे सगळ्यांनी मिळून सांगायचं.”

तुमच्या लोकांचं. म्हणजे बौद्धांचं. आदल्या वर्षी मी म्हटलं होतं, मंडळात बाबासाहेबांची जयंती करू. तेव्हा हेच म्हणाले होते, प्रत्येकाचं वेगळं काढत बसलो तर कसं व्हायचं. आता सह्या कमी पडल्या तर आम्ही आपल्यातले झालो.

चालत नाही. हे मी नववीत असताना ऐकलं होतं. दादाचं एका मुलीवर प्रेम होतं. तिचे वडील आणि काका आमच्या नाशिकच्या घरी आले. खुर्चीच्या कडेवर टेकले. म्हणाले, आमच्यात चालत नाही. आईने केलेला चहा तसाच ठेवून गेले. दादाचा पुढे संसार झाला, मुलं झाली, पण त्या दिवसाबद्दल तो बोलत नाही. ते भरलेले कप मोरीत मीच ओतले होते.

कुणी कुणाशी लग्न करायचं, हे ठरवायचा हक्क यांच्याकडे कायमचा आहे, असं यांना वाटतं. तेव्हा जात होती, आता हे.

मी पेन परत दिलं. म्हटलं, “अनाहेराशी माझं लग्न ठरलंय. कायदा झाला की करणार.”

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाले, “इथे नको हे. मुलं आहेत.”

मुलं कोपऱ्यात एकमेकांच्या जांडल्स, रबरी चपला, लपवत इंग्रजीतून भांडत होती. त्यांना आमचं काही पडलेलं नव्हतं.

आम्ही जेवलो नाही. गाडीत अनाहेरा एवढंच म्हणाली, “तोरण आपण दोघींनी मिळून बांधलं.” तिला मराठी येत नाही, पण कोपरा दिसला होता. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी कुणाला देऊन आले, ते मग मी तिला सांगितलं. ती बराच वेळ रडली. मीही.

सोमवारी कंपनीत स्पॉन्सरशिप बघणाऱ्या बाईंनी बोलावलं. मंडळाची तक्रार आली होती. पुढच्या वर्षी साधा बॅनर देऊ, म्हणाल्या, उगाच कुणाला दुखवायचं नाही. वर “स्वीट अ‍ॅज”, म्हणजे सगळं छान, म्हणून हसल्या. रंग त्यांनी सोयीने लावले होते आणि सोयीने काढले. त्यांच्यावर मी रागावलेसुद्धा नाही, इतकी थकले होते.

विरोध करणाऱ्यांनी खुशाल करावा. पत्रं लिहावीत. पण माझं नाव वापरून नाही, आणि माझ्या हातांनी तर नाहीच.

कायदा झाला. लग्न झालं. दरवर्षी मी मंडळाचा कुटुंब-सभासद फॉर्म भरते. ‘पतीचे नाव’ असं छापलेलं असतं. ‘पती’ खोडून ‘पत्नी’ लिहिते, पुढे अनाहेराचं नाव. दरवर्षी ‘अपूर्ण’ असा शेरा मारून फॉर्म परत येतो. पाच वर्षं झाली. कंटाळा येतो. अनाहेरा म्हणते सोडून दे, आणि कधी कधी मलाही तसंच वाटतं.

यंदाचा भरला आहे. खाली सही केली आहे. या वेळी टपालाने पाठवणार नाही. पाडव्याला दोघी जाऊ, अध्यक्षांच्या हातात देऊ. घेतला नाही तर पहिल्या रांगेत बसून राहू. बटाटे सोलणार नाही.