गिरणीच्या तळ्यातली जलपर्णी

परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात तळं होतं. गिरणी चालू असताना यंत्रांना त्याचंच पाणी लागायचं. वडिलांची नोकरी तिथलीच. मी तिथे जाऊ लागले ती गिरणी बंद पडून जमाना लोटल्यावर, जलपर्णीवर संशोधन करायला. करी रोडच्या आमच्या चाळीतून चालतच जायचे.

पाणी दिसायचंच नाही. काठापासून काठापर्यंत हिरवीगार पानं, वर जांभळे तुरे. नव्या माणसाला मैदानच वाटावं. मी त्यात सोंडकिडे सोडले होते. ते जलपर्णीवरच जगतात. पानं कुरतडतात, त्यांच्या अळ्या देठ पोखरतात आणि झाड खंगत जातं. पण त्याला काही वर्षं लागतात. शेजारच्या टॉवरवाल्यांना तेवढा धीर नव्हता.

"मॅडम, तुमचे किडे पानं खाणार कधी? इथे मच्छर आम्हाला खातायत," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. त्यांची नात डेंग्यूने हॉस्पिटलात होती.

त्यांनी ठेकेदार आणला. मी त्याला सांगितलं, "नुसती उपटून ही जात नाही, बी गाळात राहतं. आणि माणसं आत उतरवू नका. काठावरून ओढा."

"ताई, माझी माणसं विहिरीत पोहून मोठी झालीत," तो हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तर दोघे जण कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून कोयत्याने मुळं तोडत होते. दोर नव्हता. मी आरडाओरडा करेपर्यंत एक जण पुढे सरकला. तिथे तळं एकदम खोल होतं. धप्पकन आवाजसुद्धा झाला नाही. पानं जराशी हलली आणि परत एकमेकांना चिकटली. जोडीदार हाका मारत राहिला. मी फायर ब्रिगेडला फोन लावला. पोहणाऱ्याला वर यायला मोकळं पाणी लागतं, इथे डोक्यावर मुळांचं जाळं होतं. दुपारी त्याला बाहेर काढलं तेव्हा दोन्ही मुठींत मुळं होती.

काही दिवसांनी त्याची बायको भावाला घेऊन आली. परभणीकडची. "कुठं?" एवढंच विचारलं. मी बोट दाखवलं. तिने काठाशी बसून हाताने पानं बाजूला सारली.

"ताई, त्यास्नी खालून उजेड दिसला आसंल का? वर यायची वाट कळावी येवढा?"

पानांखाली किती उजेड पोचतो ते मी रोजच मोजत होते. हातभर खाली मिट्ट काळोख.

"नाही," मी म्हणाले. "काहीच दिसलं नसणार."

तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "ठेकेदार म्हनतो, पिऊन व्हता, म्हनून वर आला न्हाई."

ती पोलिसांकडे निघाली होती. मीही सोबत गेले. दोर नव्हता, तो शुद्धीत होता, पोहणाराही तिथून वर आला नसता, असा जबाब दिला. खटला अजून रेंगाळतोय. ती प्रत्येक तारखेला गावाहून येते, कोर्टाबाहेर आम्ही चहा घेतो.

सेक्रेटरींनी नंतर जेसीबी बोलावला. माझे किडे जलपर्णीबरोबर डंपरमधून गेले आणि संशोधन तिथेच थांबलं. पुढच्या पावसाळ्यात गाळातून नवी रोपं वर आली. आता अर्धं तळं बुजवून पार्किंग केलंय. उरलेल्या अर्ध्यात पाणी दिसत नाही.