अम्माला वगळून निघालेली रेकॉर्ड

नव्या रेकॉर्डच्या प्लॅस्टिकचा उग्र वास हॉलभर पसरला. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "अक्का, डोळे मीट. आता ऐक."

तो ज्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो, त्या बँडच्या जुन्या ध्वनिफितींची रेकॉर्ड यंदा निघाली. त्यातली एक फीत तंजावूरच्या आमच्या याच हॉलमध्ये भरलेली: चौघे कॉलेजकुमार आणि सरावाची घामट दुपार. मी गाण्यांची वाट पाहत नव्हते. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर अम्मा कॉफी घेऊन येते आणि बोलते. अम्माला जाऊन कित्येक वर्षे झाली, आणि तिचा आवाज दुसऱ्या कुठेही उरलेला नाही. तिला देवनागरी येत नव्हती. वाण्याची यादीही ती तमिळ लिपीत लिही. 'सगळे' न म्हणता 'अस्के' म्हणणारी तिची तंजावुरी मराठी फक्त तिच्या तोंडात होती, आणि त्या फितीत.

सुई टेकली. तापल्या तव्यावरच्या तेलासारखी फितीची चरचर पुसून गेली होती. गिटार इस्त्री केलेल्या कापडासारखी गुळगुळीत. तिसरे गाणे लागले. कॉफीचा पितळी टंबलर टेकल्याचा टण्ण आवाज आला. आता अम्मा बोलणार. पाठोपाठ ड्रम वाजले.

"अम्मा कुठे आहे?"

"टंबलर ठेवलाय की! सगळ्यांना फार आवडला. घरगुती वाटतं म्हणे."

"मी अम्माचं विचारतेय."

तो पंख्याकडे पाहू लागला. "ती काय बोलली होती, आठवतं ना?"

न आठवायला काय झाले? तमिळ लोकांसमोर मराठी ही आमची पडद्याची भाषा. पाहुण्याला हसत हसत वाढावे आणि त्याच्याच तोंडावर त्याची टिंगल करावी. त्याला काय कळणार? बँडच्या गायकाच्या हाती टंबलर देत अम्मा गोड आवाजात मला म्हणाली होती, "हा गातो कीं म्हैस हंबरते? अस्क्यांना कॉफी दे, ह्याला घोटभर जास्त दे. पिईपर्यंत तरी गप्प बसेल."

"तो आज केवढा मोठा गायक आहे, अक्का! आणि रेकॉर्ड पुण्यातही विकली जाते. तिकडे अस्क्यांना कळेल."

तिच्या हातचे भांडे यांना चालले. शोभेला उपयोगी पडले. तिचे तोंड तेवढे नको होते.

"साउंड इंजिनिअरला काय सांगितलंस?"

"मागे कोणीतरी बोलतंय, तेवढं काढा म्हटलं."

"कोणीतरी?"

तो रेकॉर्डचे कव्हर उलटसुलट करू लागला.

"मूळ फीत?"

"बुरशी लागली होती. उतरवून घेताना तुटली."

"आणि न कापलेली प्रत?"

"ती... मागितली नाही मी."

मी सुई इतक्या जोरात उचलली की रेकॉर्डवर ओरखडा उमटला. उमटू दे. फोन त्याच्या मांडीवर टाकला. "इंजिनिअरला आत्ता लाव. आणि कोणीतरी म्हणू नकोस."

तो तमिळमध्ये अडखळत बोलला: तिसरं गाणं, मागचा आवाज, आणि मग खूप हळू, "माझी आई." पलीकडच्याने सांगितले, शोधून संध्याकाळपर्यंत कळवतो, असेलच असे नाही.

फोन ठेवून तो टाचेने फरशी घासत बसला. शेवटी सवयीने म्हणाला, "अक्का, जरा कॉफी टाकतेस?"

"आधी अम्मा येऊ दे," मी म्हणाले.