माझ्या नावाची चिठ्ठी

नील, सई, आजोबा गेल्याची बातमी तुम्हाला मीच फोनवर दिली. सई एवढंच म्हणाली, "आजी, तू तर म्हणालीस, सगळं ठीक आहे…" त्याला आता दीड महिना झाला. म्हणून आज हे लिहिते आहे.

विम्याच्या नोकरीत माझी बदली जयपूरला झाली आणि आजोबा शास्त्री नगरच्या एका शाळेत शिकवू लागले. दरवर्षी शाळेच्या मेळ्यात त्यांचा आठवीचा वर्ग शिकंजीचा, म्हणजे तिकडच्या लिंबू सरबताचा, स्टॉल लावायचा. त्या पैशांतून सहल निघे, म्हणजे घरून पैसे देता आले नाहीत म्हणून कोणी मागे राहत नसे. कामं वाटायला त्यांचा एक कडीचा स्टीलचा डबा होता. प्रत्येकाने त्यातून चिठ्ठी काढायची. जे काम येईल ते आपलं, दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही.

एका वर्षी लिंबांची चिठ्ठी कोमल नावाच्या मुलीला आली. मेळ्याच्या दिवशी ती रडवेली होऊन उभी. "सरजी, नींबू तो मैं भूल ही गई।" मीही मेळ्याला गेले होते आणि माझ्या पिशवीत दोन किलो लिंबं होती. असं काही होणार हे धरून मी आदल्या दिवशीच घेतली होती. मी ती टेबलावर ठेवली. स्टॉल वेळेवर लागला. कोमल मात्र दिवसभर भिंतीशी उभी राहिली.

परतताना स्कूटरवर आजोबा म्हणाले, "ती धावत बाजारात गेली असती, दोघंतिघं सोबत गेली असती. अर्धा तास उशीर झाला असता, एवढंच. लिंबं आली गं, पण तिचं काम गेलं."

"आणि लोक उन्हात ताटकळले असते," मी म्हटलं. मला माझं काही चुकलं असं वाटलंच नाही.

आजोबांच्या या शेवटच्या आजारपणातही मी तेच केलं. औषधांचा तक्ता, पथ्य, अंघोळ, सगळं माझ्या हातात. तुम्ही दोघं विचारत होतात, "येऊ का?" मी म्हणाले, "परीक्षा द्या, मी आहे ना." एका दुपारी आजोबांनी तो डबा मागितला आणि काहीतरी लिहीत बसले. "मुलांना बोलाव. चिठ्ठ्या काढू देत," ते म्हणाले. मी डबा उचलून कपाटात ठेवला. "आधी बरे व्हा, मग बघू…"

परवा तो डबा उघडला. आत तीनच चिठ्ठ्या होत्या, आणि या वेळी त्यांनी नावं घालून ठेवली होती. 'नील : माझी दाढी करणे.' 'सई : मराठी पेपर वाचून दाखवणे. अडखळली तरी चालेल.' तुमची कामं मी उरकून टाकली होती, बाळांनो. दाढी मीच करत होते, आणि पेपर मी भराभर वाचून घडी करून ठेवत होते.

तिसरी माझ्या नावाची. 'नुसतं शेजारी बसणे.'

त्यांच्या पलंगाशेजारची खुर्ची तिथेच आहे. तिच्यावर मी औषधं ठेवत असे. आता औषधं काढून टाकली आहेत. दुपारी डबा मांडीवर घेऊन मी तिथे बसते.